डोळ्याने काढलेले वर्तुळ

रोज सकाळी वर्तमानपत्र उघडले की आपण बातमी वाचतो, अक्षर पाहत नाही. चष्म्याची काच स्वच्छ असेल तर काच दिसत नाही, तसेच हे. पण छापील अक्षर काही आपोआप उगवत नाही. गणपतीची मूर्ती जशी कोणीतरी बसून घडवलेली असते, तसे प्रत्येक अक्षरही कोणीतरी काढून, पुसून, पुन्हा काढून घडवलेले असते. पुस्तकावर लेखकाचे नाव असते, प्रकाशकाचे असते, मुद्रकाचे असते, मुखपृष्ठ काढणाऱ्या चित्रकाराचेही असते. अक्षर घडवणाऱ्याचे नाव बहुधा कुठेच नसते.

अशाच एका माणसाची अक्षरे आज चंद्रावर आहेत. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले, तेव्हा त्यांच्या यानाच्या एका पायावर, शिडीपाशी, न गंजणाऱ्या पोलादाची एक पाटी बसवलेली होती. तिच्यावर पृथ्वीचे दोन गोलार्ध आहेत, खाली काही ओळींचा मजकूर आहे आणि चार सह्या आहेत. तीन सह्या अंतराळवीरांच्या, चौथी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची. यानाचा वरचा भाग दोघांना घेऊन परत निघाला. पाय तिथेच राहिले आणि पाटीही तिथेच राहिली. तो मजकूर ज्या वळणाच्या अक्षरांत कोरला आहे, त्याचे नाव फ्युचुरा. हे वळण घडवले पाउल रेनर नावाच्या जर्मन माणसाने. पाटी चंद्रावर पोहोचली तेव्हा त्याला जाऊन १३ वर्षे झाली होती.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. बँकेच्या माणसाला अक्षरांविषयी एक निराळीच दृष्टी येते. चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहण्यात माझी किती वर्षे गेली, याचा हिशेब मी केलेला नाही. सही म्हणजे हात, आणि हात म्हणजे माणूस. कोणाचा र कसा वळतो, कोणाची वेलांटी कुठे तुटते, म्हातारपणी कोणाचा हात कसा थरथरतो, हे आम्हाला पाठ असे. त्यामुळे त्या चांद्रपाटीचे छायाचित्र पाहताना माझी नजर आधी सह्यांवर गेली आणि मग वरच्या मजकुरावर. खाली चार माणसांचे चार हात, आणि वरती अशी अक्षरे की ज्यांत कोणाचाच हात दिसत नाही. ती कोणा एका माणसाची नाहीत, कोणा एका देशाचीही वाटत नाहीत. सगळ्या पृथ्वीच्या वतीने बोलायचे तर अशीच अक्षरे हवीत, असे वाटते. मात्र ज्या माणसाने आपला हात इतका लपवला, त्याला या अक्षरांच्या पाठोपाठ काय काय सोसावे लागले, ते वाचल्यावर मी त्यांच्याकडे पूर्वीसारखा पाहू शकलो नाही.

पाउल रेनरचा जन्म ९ ऑगस्ट १८७८ रोजी, हार्ट्झ पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या वेर्निगेरोडे या गावी झाला. वडील प्रोटेस्टंट पंथाचे धर्मशास्त्री. घरातले वळण कडक. शाळेत लॅटिन आणि ग्रीक, घरात शिस्त, कर्तव्य आणि जबाबदारी. आपल्याकडे जुन्या काळी एखाद्या शास्त्रीबुवांच्या घरी मुलगा जसा वाढत असेल, तसाच हा वाढला असावा. पुढे आयुष्यभर त्याला सिनेमा, जॅझचे संगीत, नाचगाणी यांचे वावडेच राहिले. अमूर्त चित्रकलेकडेही तो संशयाने पाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे. आधुनिक अक्षर घडवणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे केस वाढवलेला कोणी बंडखोर उभा राहतो. रेनर तसा नव्हता. तो घडी न मोडता कपडे घालणाऱ्यांच्या जातीचा होता.

बर्लिन, कार्ल्सरूह आणि म्युनिक येथे त्याने चित्रकला शिकून घेतली आणि म्युनिकमध्ये चित्रकार म्हणून राहू लागला. चित्रांवर घर चालवणे तिकडेही सोपे नव्हते. १९०७ साली तो गेओर्ग म्युलर या प्रकाशकाकडे पुस्तकांची मांडणी करण्याच्या कामावर लागला आणि पुढच्या काही वर्षांत शेकडो पुस्तके त्याच्या हाताखालून गेली. कागद कुठला घ्यायचा, समास किती सोडायचा, ओळींत अंतर किती ठेवायचे, मथळा कुठे बसवायचा, हे त्याचे रोजचे काम. १९१० साली तो 'डॉइचर वेर्कबुंड' या संस्थेचा सभासद झाला. कारखान्यात बनणारी वस्तूही नेटकी, प्रामाणिक आणि सुंदर असावी, एवढा साधा आग्रह धरणाऱ्या कलावंतांची, वास्तुकारांची आणि कारखानदारांची ती संस्था. यंत्राला शिव्या देत बसण्यापेक्षा त्याच्याकडून चांगले काम करून घ्यावे, हा विचार रेनरच्या मनात तिथे पक्का झाला.

इथे जर्मन अक्षरांची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळायचे नाही. आपल्याकडे पूर्वी मोडी आणि बाळबोध अशा दोन लिप्या शेजारी शेजारी नांदत होत्या. दप्तर मोडीत, पोथी आणि पुढे छपाई बाळबोधात. माझ्या आजोबांच्या पिढीतले लोक दोन्ही वाचत. जर्मनांचेही काहीसे तसेच होते. एकीकडे फ्राक्टूर, म्हणजे कोनाकोनांत मोडलेली, बोरूने काढल्यासारखी दाट काळी अक्षरे. दुसरीकडे रोमन वळणाची, इंग्रजी पुस्तकांत आपण पाहतो तशी गोलसर अक्षरे. जर्मन भाषेतले साहित्य, बायबल, वर्तमानपत्रे बहुतांशी फ्राक्टूरमध्ये छापली जात. शास्त्रीय ग्रंथ आणि परभाषेतला मजकूर रोमनमध्ये. यातले कोणते अक्षर खरे जर्मन, यावर तिथे इतके वाद होत की १९११ साली खुद्द संसदेत त्यावर चर्चा झाली. आपल्याकडे मोडी गेली तेव्हा थोडी हळहळ झाली आणि विषय संपला. त्यांच्याकडे अक्षराच्या वळणाला देशभक्ती चिकटली आणि अक्षराला देशभक्ती चिकटली की ते नुसते अक्षर राहत नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि मग ती प्रसिद्ध महागाई आली. बँकेतल्या माणसाला त्या काळाविषयी वाचताना आजही धडकी भरते. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका अमेरिकन डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. नोटांवरची शून्ये वाढत गेली आणि आयुष्यभराच्या ठेवींत एक पाव येईनासा झाला. शेवटी जुने चलन मोडीत काढून नवे चलन आणावे लागले. शून्यांची ती रांग पुसून टाकून देश नव्याने हिशेब मांडायला बसला, त्याच सुमारास रेनर नवी अक्षरे काढायला बसला. या दोन गोष्टींचा थेट संबंध होता, असे मी म्हणत नाही. पण जुन्या सगळ्या ओझ्याचा कंटाळा आलेल्या माणसांचा तो देश होता, आणि सरळ, स्वच्छ, मागच्या कशाचीच आठवण न करून देणारे काहीतरी हवे, ही भूक तिथे घरात, इमारतीत, खुर्चीत, कपबशीत सगळीकडे दिसत होती.

१९२४ साली याकोब हेग्नर नावाच्या प्रकाशकाने रेनरकडे अशाच एका अक्षराची मागणी केली. आपल्या काळाचे म्हणता येईल असे टाइप त्याला हवे होते. रेनर त्या वेळी ४६ वर्षांचा होता. या वयात बहुतेक माणसे शिकलेले विकत असतात. हा नवे शिकायला बसला. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि सरळ रेघ एवढ्याच भांडवलावर त्याने रेखाटने सुरू केली. आपल्या मुलांच्या कंपासपेटीत जे असते, तेवढेच. अक्षरांच्या टोकांना जे बारीक पाय किंवा काटे असतात, ज्यांना मुद्रणाच्या धंद्यात सेरिफ म्हणतात, ते त्याने काढून टाकले. बिनकाट्यांची अक्षरे त्याच्या आधीही होती. एकोणिसाव्या शतकापासून ती जाहिरातींत, फलकांवर वापरली जात. पण शुद्ध भूमितीवर उभी केलेली बिनकाट्यांची अक्षरे पुस्तकाच्या पानावर चालवून दाखवणे ही निराळी गोष्ट होती.

ती रेखाटने फ्रांकफुर्टच्या बाउअर टाइप फाउंड्रीकडे गेली आणि तिथे या कामाने खरे रूप घेतले. टाइप फाउंड्री म्हणजे शिशाचे खिळे ओतणारा कारखाना. आजच्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल. माझे पहिले पुस्तक हाताने खिळे जुळवून छापले गेले. कंपोझिटर केसमधून एकेक खिळा उचलून उलटी अक्षरे सुलटी असल्यासारखी वाचत, तेव्हा मी तोंडात बोट घालून पाहत राही. मराठी अक्षरांच्या अशा खिळ्यांसाठी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने, जावजी दादाजींनी, जे कष्ट घेतले त्यामुळेच आपली पोथ्यापुराणे इतकी देखणी छापली गेली. बाउअरकडेही तशीच परंपरा होती. तिथल्या जुन्या कारागिरांना अक्षरातले काळे-पांढरे बरोबर कळत होते.

रेनरची पहिली रेखाटने चमत्कारिक होती. एक छोटा आर तर नुसती उभी रेघ आणि तिच्या खांद्यावर एक सुटा ठिपका असा होता. काही अक्षरे इतकी भूमितीची झाली होती की ओळखायला वेळ लागावा. कागदावर ती गंमतीची वाटत, पण त्यांनी पानभर मजकूर वाचून होईना. मग सुधारणा सुरू झाल्या. एकेक अक्षर काढायचे, ओतायचे, छापायचे, बघायचे आणि पुन्हा काढायचे. हे काम तीन वर्षे चालले. अनोळखी वाटणारी अक्षरे हळूहळू गळाली आणि ओळखीची परत आली.

या तीन वर्षांत रेनरने जे केले ते समजून घ्यायला स्वयंपाकघरापर्यंत जाणे पुरे. ताटात एक गोल पुरी ठेवा आणि तिच्याशेजारी तेवढ्याच उंचीची एक चौकोनी शंकरपाळी ठेवा. फूटपट्टीने मोजली तर दोन्ही सारखी. डोळ्याला मात्र पुरी लहान दिसेल. म्हणून अक्षर घडवणारा गोल अक्षर वरखाली केसभर मोठे काढतो, तेव्हा कुठे ते शेजारच्या अक्षराइतके दिसते. आडवी रेघ उभ्या रेघेइतकीच जाड काढली तर ती अधिक जाड दिसते, म्हणून ती किंचित बारीक करावी लागते. वर्तुळ जिथे खांबाला भिडते तिथे शाई साचल्यासारखा काळा डाग दिसतो, म्हणून तिथे वर्तुळाची रेघ निमुळती करायची. फ्युचुराचा ओ कर्कटकाने काढल्यासारखा वाटतो, पण तो अगदी नेमके वर्तुळ नाही. सगळ्या रेघा एका जाडीच्या वाटतात, त्याही तशा नाहीत. गणिताने जे बरोबर ठरते ते डोळ्याला चुकीचे दिसते, आणि डोळ्याला बरोबर दिसावे म्हणून गणित जरा वाकवावे लागते. त्याच सुमारास बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेतल्या हर्बर्ट बायरने कर्कटक आणि पट्टी यांच्या जोरावर एक वर्णमाला आखली होती. तिचे नाव फार झाले, पण रोजच्या वाचनात ती उतरली नाही. पुष्कळ लोक रेनरला बाउहाउसचा समजतात. तो तिथे कधीच शिक्षक नव्हता आणि विद्यार्थीही नव्हता.

आणखी एक गोष्ट. मोठी अक्षरे, म्हणजे कॅपिटल्स, काढताना रेनरने नव्या जगाकडे न पाहता दोन हजार वर्षे मागे पाहिले. रोमच्या शिलालेखांवर ई, एफ, एल ही अक्षरे अरुंद असतात आणि ओ, सी, जी ही ऐसपैस. फ्युचुराच्या कॅपिटल्सची तीच मापे आहेत. शिवाय बी, डी, एल अशा छोट्या अक्षरांचे दांडे त्याने कॅपिटल्सपेक्षाही उंच ठेवले. जर्मन भाषेत प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होते, त्यामुळे पानावर कॅपिटल्सची गर्दी होते. ती अशी जरा आवरली की ओळ शांत दिसते. शाळेत घोकलेले लॅटिन त्याला असे कामी आले. नाव भविष्याचे आणि हाडे रोमन, असे हे अक्षर.

१९२७ साली फ्युचुरा बाजारात आले आणि बघता बघता पसरले. ते घेणाऱ्याला जुने काही टाकल्याचा पश्चात्ताप होत नसे, आणि नवे काही आणल्याचा आनंद होई. कुर्ट श्विटर्स या कलावंताने हानोव्हर शहराच्या नगरपालिकेची कागदपत्रे याच अक्षरांत बसवली. कराची नोटीस फ्युचुरात आली म्हणून कोणाला ती गोड लागली असेल असे नाही, पण निदान ती वाचता येत असे. युरोपात आणि अमेरिकेत दुसऱ्या फाउंड्र्यांनी तशाच वळणाची टाइप्स काढायला सुरुवात केली. धंद्यात नक्कल होऊ लागली की माल चालला असे समजावे.

रेनर आता म्युनिकला मुद्रकांच्या शाळेचा प्रमुख झाला होता. जर्मन मुद्रकांना धंद्याचे उच्च शिक्षण देणारी ती नावाजलेली शाळा. तिथे त्याने यान चिशोल्ड आणि गेओर्ग ट्रुम्प यांसारखी माणसे शिकवायला आणली. चिशोल्ड तेव्हा पंचविशीतला, तापट आणि नव्या मुद्रणकलेचा कट्टर पुरस्कर्ता. वयाने, स्वभावाने रेनरपेक्षा अगदी वेगळा. पण रेनरला गुण कळत होता. सुखाची नोकरी, हवे ते शिक्षक, जगभर पसरत चाललेले आपले अक्षर. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे असते?

त्याच वर्षांत बाहेर वारे फिरत होते. जर्मनीत हिटलरचा पक्ष वाढत होता आणि आधुनिक म्हणून जे जे काही होते त्याला त्यांच्याकडे एकच शिवी होती, सांस्कृतिक बोल्शेविझम. चित्र आधुनिक असले की ते परकीयांचे कारस्थान. घराचे छप्पर सपाट असले की ते जर्मन नव्हे. खरे जर्मन छप्पर उतरतेच असले पाहिजे. आपल्याला हसू येईल. आपल्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांना कोणी परकीय हस्तक म्हणावे, असा तो प्रकार. तिकडे मात्र ते हसण्यावारी नेण्यासारखे राहिले नव्हते. व्याख्यानांच्या सभांतून हे गंभीरपणे मांडले जात होते, आणि कलेचे गुण वंशावरून ठरवले जात होते.

१९३२ साली रेनरने या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे नावच 'कल्टुर्बोल्शेविझमुस?' असे होते, पुढे प्रश्नचिन्ह. आधुनिक कलेवरचे आरोप आणि त्यामागचा वंशाचा सिद्धान्त यांवर त्याने त्यात उघड टीका केली. ते छापायला जर्मनीत कोणी धजेना. शेवटी स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळच्या ऑयगेन रेंट्श या प्रकाशकाने ते काढले. म्हणजे संकट काय आहे ते लेखकाला ठाऊक होते. प्रकाशक नाही म्हणत गेले, तेव्हा प्रत्येक नकारानंतर हस्तलिखित कपाटात ठेवून देण्याची संधी त्याला होती. कोणी त्याला विचारणारही नव्हते.

मी या ठिकाणी वाचता वाचता थांबलो होतो. मी आयुष्यभर नोकरदार होतो. वय ५४, सरकारी शाळेचे प्रमुखपद, घरसंसार, निवृत्ती टप्प्यात आलेली. या वयात माणूस किती हिशेबी होतो ते मी चांगले जाणतो. परिपत्रक चुकीचे आहे हे दहाजणांना दिसत असते, आणि दहाहीजण त्याखाली सही करतात. रेनर पक्षाचा माणूस नव्हता, क्रांतिकारकही नव्हता. त्याचे स्वतःचे कलेतले मतही जुन्या वळणाचेच होते. अमूर्त चित्रे आवडत नसतानाही, ती काढणाऱ्यांना देशद्रोही म्हणणे खोटे आहे, एवढे त्याला दिसले आणि त्याने ते लिहिले. नियम पट्टीने कितीही सरळ आखलेला असो, डोळ्याला तो वाकडा दिसतो आहे. ओ काढताना ज्या डोळ्यावर त्याने विश्वास ठेवला होता, त्याच डोळ्यावर त्याने इथेही विश्वास ठेवला, असे मला वाटते.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. मार्चमध्ये चिशोल्डला पकडून नेले. रेनरने आपल्या या सहकाऱ्यासाठी धावाधाव केली. एप्रिलच्या सुरुवातीला खुद्द रेनरला अटक झाली. त्याची सुटका लवकर झाली, पण शाळेतले पद गेले ते गेलेच. चिशोल्ड सुटल्यावर बायकामुलाला घेऊन स्वित्झर्लंडला गेला आणि पुढे लंडनमध्ये त्याने पेंग्विनच्या पुस्तकांना त्यांचे नेटके रूप दिले. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात ती असतील. रेनर मात्र जर्मनीतच राहिला. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी ह्योडिंगन या खेड्यात त्याचे घर होते. तिथे तो चित्रे काढत, मुद्रणकलेवर लिहीत, अधूनमधून टाइपची कामे करत राहिला.

यापुढचा काळ वीरकथेत बसत नाही. त्याने पुन्हा तसे पुस्तक लिहिले नाही. उलट १९३८ च्या सुमारास त्याने 'बालाड' नावाचे जुन्या, मोडक्या जर्मन वळणाचे एक टाइपही घडवले. कोणी म्हणेल, हा माणूस नमला. मला ते म्हणवत नाही. रेनरला ती जुनी अक्षरेही मनापासून ठाऊक होती आणि पोटही होते. एकदा स्पष्ट बोलून, त्याची पुरी किंमत मोजून, नंतर गप्प राहिलेल्या माणसाचा हिशेब, एकदाही न बोललेल्यांनी कोणत्या खात्यावर मांडावा?

तेवढ्यात इतिहासाने एक विलक्षण थट्टा केली. ३ जानेवारी १९४१ रोजी हिटलरच्या वतीने मार्टिन बोरमानच्या सहीचे एक परिपत्रक निघाले. ज्या मोडक्या काळ्या अक्षरांना जर्मन आत्म्याचे रूप म्हणून मिरवले होते, ती अक्षरे मुळात ज्यूंची आहेत, असा शोध त्यात लावला होता. यापुढे सगळा कारभार रोमन अक्षरांत चालवायचा. शोधाला काडीचाही आधार नव्हता. जिंकलेल्या मुलखातल्या लोकांना जर्मन हुकूम वाचता यावेत, ही खरी निकड असावी. आणि ज्या कागदावर हा हुकूम टाइप केला होता, त्याचा छापील मथळा त्याच बंदी घातलेल्या वळणात होता. नवे कागद छापून येईपर्यंत कारकुनाने जुनेच वापरले असणार. कार्यालये सगळीकडे सारखीच. ह्योडिंगनला बसलेल्या ६२ वर्षांच्या रेनरने हे वाचले तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, याची कल्पना मी कादंबरीकार असूनही करत बसत नाही.

रेनर २५ एप्रिल १९५६ रोजी ह्योडिंगनलाच वारला. त्याच्या अक्षराचे नशीब पुढे फार थोर निघाले. फोक्सवॅगन ही मोटार हिटलरच्या राजवटीत, त्याच्या आग्रहाने जन्मली. १९५९ पासून न्यूयॉर्कच्या एका जाहिरात कंपनीने अमेरिकेत तिच्या जाहिराती केल्या. पांढरे मोकळे पान, एवढीशी गाडी आणि खाली फ्युचुरातली एक ओळ. त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी विल्यम बर्नबाख हा ज्यू होता. हिटलरच्या माणसांनी नोकरीवरून काढलेल्या गृहस्थाचे अक्षर वापरून एका ज्यू माणसाच्या कंपनीने हिटलरची गाडी अमेरिकनांच्या गळी उतरवली, आणि तिच्यावरचा जुना डाग लोक हळूहळू विसरले. हीच मोटार कंपनी २००९ साली पुण्याजवळ चाकणला आली, तेव्हा आपल्याकडच्या कोणाला ते आठवायचे कारणही उरले नव्हते. स्टॅन्ली क्युब्रिक या दिग्दर्शकाचे हे लाडके अक्षर होते. स्वीडनच्या आयकिया या फर्निचरवाल्यांनी २००९ साली आपल्या कॅटलॉगमधून ते काढून टाकले, तेव्हा गिऱ्हाइकांनी ओरड केली. खुर्चीचा आकार बदलला असता तर कदाचित एवढी ओरड झाली नसती.

आपल्या लिपीलाही या वळणाचा वारा लागला आहे. २०१४ साली अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने पॉपिन्स नावाचे टाइप काढले. त्यात रोमन आणि देवनागरी अशी दोन्ही अक्षरे भूमितीच्या एकाच बांधणीत बसवली आहेत. ट, ठ, व यांना वर्तुळ सहज मानवते. पण क, झ, ह यांच्याशी तसे सरळ वागता येत नाही. तिथे शिरोरेघेखाली जागा काढावी लागते, गाठ सैल करावी लागते, कुठे रेघ बारीक करावी लागते. रेनरने शंभर वर्षांपूर्वी जे ओसाठी केले तेच आज आपल्या हसाठी करावे लागते. ते कर्कटकाने होत नाही.

आता घरात मुले असतील तर त्यांना एक उद्योग द्या. मोबाइलवर किंवा एखाद्या खोक्यावर गोल ओ असलेले, अगदी साधे, बिनकाट्यांचे अक्षर शोधायला सांगा. मोठे करून त्यावर कर्कटक फिरवून पाहायला सांगा. रेघ बहुधा एखाद्या जागी कर्कटकाच्या बाहेर जाईल. मुले म्हणतील, हे चुकले आहे. तेव्हा त्यांना सांगा की ते चुकलेले नाही. कोणीतरी बसून, नीट बघून, तसे केले आहे.